पॉलिश मशीन जुनं की नवं, ते गाडीच्या रंगावर ठरवा

महोदय,

तालुक्याच्या गावांतल्या वॉशिंग सेंटरवरही आता ‘ड्युअल ॲक्शन’, म्हणजे डीए मशीन दिसू लागलं आहे. सोबत ‘जुनं रोटरी भंगारात द्या’ हा फुकटचा सल्लाही मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

रोटरीचं पॅड एकाच आसाभोवती फिरतं, मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे. डीएचं पॅड फिरता फिरता ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचा छोटा घेरही घेतं, म्हणून घासण एका जागी साचत नाही. रोटरी खोल ओरखडा लवकर काढतं, पण उष्णताही तितकीच लवकर साठवतं. कंपनीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, सहसा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे हे पत्र ज्या कागदावर छापलं जाईल त्याहूनही पातळ. बॉनेटची धार आणि दाराची कड इथे तो आणखी कमी असतो. प्लास्टिक बंपर पत्र्यासारखा उष्णता पसरवत नाही. रंग जळतो तो बहुधा याच जागी. कडांवर मास्किंग टेप लावायला दोन मिनिटं लागतात, तरी ती कोणी लावत नाही.

खरा गुन्हेगार मात्र तिसराच आहे: ४ इंची ग्राइंडरला लोकरी बफ लावून केलेलं ‘पॉलिश’. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो आणि साध्या ग्राइंडरला वेग कमी करायची सोय नसते. याला जुनं मशीन म्हणून रोटरीला बदनाम करू नये.

निवड गाडी बघून करावी. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन आडोशाच्या जागी घासा. गाडीचा रंग फडक्यावर उतरला तर वर क्लिअर नाही. जुनी जीप आणि कास्तकाराचा ट्रॅक्टर बहुतेक याच प्रकारात मोडतात. तिथे लोकरी पॅड, १००० ते १५०० फेरे आणि अनुभवी हात असला तर रोटरीच बरं. रंग उतरला नाही, तर नव्या कारला डीए आणि फोमचं पॅड. काळ्या गाडीवर रोटरी वापरलंच, तर शेवटचा हात डीएने मारावा, नाहीतर उन्हात फिरकीच्या खुणा चमकतात.

डीए घेताना बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर बसतं त्या चकतीच्या, कडेला मार्करने एक रेघ ओढा. चालू मशीन दाबल्यावर रेघ थांबलेली दिसली तर पॅड नुसतं थरथरतंय, कापत नाही. वळणदार पत्र्यावर हे हमखास होतं. दाब कमी करा, पॅड सपाट ठेवा. मशीनचं वजनसंतुलन ठरावीक मापाच्या प्लेटसाठी असतं. ५ इंचीच्या जागी ६ इंची बसवली की हात बधिर होतो आणि बेअरिंग जातं. रोटरीचे कार्बन आणि आर्मेचर कोणताही रिवाइंडिंगवाला बघून देतो. डीएचं बेअरिंग आणि प्लेट जवळपास मिळेल का, हे आधी विचारावं. व्होल्टेज पडलेल्या लाईनवर दोन्ही मशीन तापतात; लांब, बारीक वायरचं एक्स्टेन्शन त्यात भर घालतं.

आपल्याकडचा उन्हाळा तर वेगळाच. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर कंपाउंड (घासायची पॉलिश पेस्ट) टाकताक्षणी वाळतं, पावडर होते आणि तीच पावडर रंग ओरबाडते. तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर काम सुरूच करू नये. सकाळी लवकर, सावलीत करावं. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार थेंब, आणि निम्मा पट्टा परत झाकत चार ते सहा आडवे-उभे हात. पॅड दर तुकड्यानंतर ब्रशने झाडायचं.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हा मशीनचा विषयच नाही. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी लावून आधी पुसून बघा, मग स्वच्छ धुवा. डाग तरीही राहिला तरच पॅड. आणि मुरमाची धूळ धुतल्याशिवाय कोणतंच मशीन लावू नये.

ग्राहकांनीही एक करावं. काही कंपाउंडमधलं तेल ओरखडे झाकतं, ते दोन धुण्यांत निघून जातं. पैसे देण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून एक कोपरा पुसायला लावा आणि गाडी उन्हात नेऊन तिरपी बघा.

— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)