सहकार मंत्र्यांना खुले पत्र : ‘विषय पुढे ढकलण्यात आला’

मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मुलुंडमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी अनेक वर्षे सचिव आहे. निर्वासितांचा विषय सहकार खात्याकडे कशासाठी, असा प्रश्न आपल्या कार्यालयात हे पत्र उघडणाऱ्याला पडेल. परदेशी माणसाने या देशात राहायचे की नाही ते दिल्ली ठरवते हे खरे, पण मुंबईत त्याला खोली मिळेल की नाही ते सोसायटीच्या कमिटीत ठरते, आणि आमच्या कमिटीचे इतिवृत्त मी लिहितो.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या एका सभासदाने आपली वन रूम किचन एका अफगाण विद्यार्थ्याला द्यायचे ठरवले. मुलगा कमिटीसमोर आला तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचे पत्र असे सगळे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओळीने लावलेले होते. चहा झाल्यावर त्याने स्वतःचा कप उचलून मोरीपाशी नेऊन ठेवला. तो गेल्यावर त्याच्याविषयी कोणीही वाईट बोलले नाही. ‘पोरगा सज्जन दिसतोय, पण उद्या पोलीस दारात आले तर उत्तर कोण देणार?’ एवढेच खजिनदारांनी विचारले, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी इतिवृत्तात लिहिले, ‘विषय पुढे ढकलण्यात आला.’ तो पुन्हा कधीच पटलावर आला नाही.

लाजेची गोष्ट अशी की, आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, भाडेकरू ठेवायला संस्थेची परवानगी लागतच नाही, सभासदाने आगाऊ कळवले की पुरते. परदेशी व्यक्तीला जागा देणाऱ्याने चोवीस तासांत त्याच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म (तेव्हाचा ‘फॉर्म सी’) भरायचा असतो, हेही मला पुष्कळ नंतर समजले. तो मी स्वतः भरून पाहिला नसला, तरी त्या रात्री आम्हाला वाटला तेवढा मोठा बागुलबुवा तो खासच नाही. आमचा नकार द्वेषातून आलेला नव्हता. तो लफड्याच्या भीतीतून आला होता, आणि माझ्या अनुभवात बहुतेक नकार असेच येतात. म्हणूनच, परक्यांविषयी लोकांचे मत बदलायचे तर भाषणांआधी ही भीती काढावी लागेल, असे मला वाटते.

या भीतीला खतपाणी घालणारी दोन कारणे आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे जीव वाचवून आलेला, शिकायला आलेला आणि कागदांशिवाय घुसलेला, असे तिघेही सामान्य माणसाच्या लेखी एकच ठरतात. दुसरे म्हणजे राजकीय भाषणांतून ‘घुसखोर’ हा एकच शब्द सर्वांवर सरसकट मारला जातो. त्याचा शेवट कुठे होतो हे जून २०२५ मध्ये दिसले. महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याचे निघाल्यावर परत आणावे लागले.

खरे तर परक्यांना सामावून घेणे या राज्याला नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४८ पर्यंत राहिले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत ९० हजारांहून अधिक सिंधी निर्वासित आले, त्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले, आणि आजही तिथे रिक्षावाल्याला ‘कॅम्प नंबर चार’ असाच पत्ता सांगतात. आमच्या मुलुंड कॉलनीतही तेव्हा सिंधी निर्वासितच वसले. त्या अफगाण मुलाला परत पाठवणाऱ्या कमिटीत अशाच एका घरातले गृहस्थ होते. त्यांना दोष देत नाही, कारण लेखणी माझ्या हातात होती.

पाण्याची आणि जागेची ओढाताण सोसणाऱ्या मुंबईकराची तक्रार खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. त्याला तुसडा ठरवून कोणाचेच भले होणार नाही. माझी मागणी लहान आहे. आपल्या खात्याने सर्व गृहनिर्माण संस्थांना मराठीत एक पानी परिपत्रक पाठवावे. वैध कागदपत्रे असलेल्या परदेशी भाडेकरूसाठी घरमालकाने काय करायचे, संस्थेची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ‘ना हरकत’ का मागता येत नाही, आणि अडचण आल्यास उपनिबंधक कार्यालयात कोणाला भेटायचे, एवढे त्यात असावे. पोलीस ठाण्यांनाही तोच मजकूर गृह खात्यामार्फत जावा, नाहीतर आमचे पान एक सांगेल आणि हवालदार दुसरेच सांगेल.

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी लावावी लागते. परिपत्रक त्यापूर्वी हाती आले, तर तो पुढे ढकललेला विषय मी या वर्षी पुन्हा पटलावर घेईन.

आपला विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, मुलुंड, मुंबई