खुडबुडीलाही थोडी जागा द्या

संपादक महोदय,
रिटायर माणसाने काय करावं यावर हल्ली सगळेच सल्ले देतात, योगा करा, ट्रिपला जा, नवीन भाषा शिका, पण घरात नुसती खुडबुड करण्याबद्दल कोणी चांगलं बोलत नाही. माझ्याकडे वडिलांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ आहे. एचएमटी या सरकारी कंपनीचा १९६१ला बंगळुरूत सुरू झालेला घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ला घेतला पण हे चालतंय, रोज चहानंतर चावी द्यायची, मोबाईल बघून काटे जुळवायचे आणि उद्या सकाळी ते परत मागे पडलेलं असतंच. तरी मजा येते, खरंच! मग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतले स्क्रू, वॉशर, खिळे साईजप्रमाणे लावायचे. बायको विचारते, अहो, हे लागणार कधी? कधीच नाही, कारण लागेल तेव्हा नेमका तोच साईज नसतो आणि हार्डवेअरवाल्याकडे जावंच लागतं, येताना चार एक्स्ट्रा आणतो. तुमच्या पुरवणीत वेळेच्या नियोजनाचे तक्ते येतात त्यात सकाळचा अर्धा तास एवढ्यासाठी सोडा ना प्लीज.

– एक वाचक, डोंबिवली