जळमटं राहू देत

मुलुंड पूर्व, मुंबई
ता. १८ जुलै

प्रिय शरयू,

पत्र मिळालं, फोटोही. तुझ्या अमेरिकेतल्या परसात पक्ष्यांसाठी लावलेल्या लाकडी पेटीत रेन या चिमुकल्या पक्ष्याने काटक्या कोंबून भोक जवळजवळ बुजवलंय आणि ‘ही बया आत शिरते कशी’ असा तुला प्रश्न पडलाय. अगं, पण ती बया आहे हे कशावरून? तुमच्याकडच्या हाऊस रेनमध्ये काटक्यांचा उद्योग नराचा. वसंतात तो आधी येऊन पोचतो आणि दिसेल त्या पोकळीत काटक्या भरत सुटतो. मादी मागाहून येते, सगळ्या जागा हिंडून बघते आणि एक पसंत करते. मग गवत, पिसं आणून आतलं मऊ अस्तर घालायचं काम तिचं. तेव्हा गॅरेजमधल्या जुन्या बुटात किंवा उपड्या कुंडीत काटक्या सापडल्या, तर ती नापसंत झालेली स्थळं समज. आपल्या वेळी गिरगावातल्या मुली नाही का, पगार नंतर, आधी ‘जागा स्वतःची आहे का’ विचारायच्या!

यात आपली सुगरणही मागे नाही. सलीम अलींनी १९३०च्या सुमाराला अलिबागजवळ किहीमला सुगरणींची वसाहत बघत बसून हेच टिपलं होतं. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पटलं तर मुक्काम ठोकते. नर ते पुरं करून देतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसरीसाठी. शाळेत आपल्याला सुगरण म्हणजे कष्टाळू गृहिणी असं शिकवलं होतं. विणणारा बाप्या निघाला!

आता तुझा खरा प्रश्न, मुंबईत रेनसारखं कोण आहे? रेन इथे नाहीच. त्यांचं जवळजवळ सगळं कुळ अमेरिकेतलं. एकच जात युरोप-आशियात आहे आणि आपल्या देशात ती हिमालयात भेटते. पण एवढासा जीव, उभारलेली शेपटी आणि देहाला न शोभणारा आवाज हवा असेल, तर आमचा शिंपी पक्षी आहे. वजन जेमतेम दहा ग्रॅमच्या आत. समोरच्या बिल्डिंगमधला कुकर शिट्टी देत असताना आणि वर लोकल धडधडत असतानासुद्धा त्याचं ‘टुविट टुविट’ स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतं.

आमच्या मागच्या दाराशी, मोरीच्या पाइपाजवळ, बदामाचं रोप आलंय. कुणी लावलेलं नाही, वटवाघळाने टाकलेल्या फळातून उगवलं असणार. पानं ताटलीएवढी. त्यातल्या खालच्या एका पानाशी शिंपीण घुटमळताना दिसली आणि मी भाजी निवडायची जागाच बदलली. खिडकीच्या आत, जाळीच्या मागे बसून बघत होते. पानाच्या कडेला ती चोचीने बारीक भोक पाडते, त्यातून धागा ओढते, मग समोरची कड जवळ घेते. गाठ वगैरे मारत नाही. धाग्याचं टोक भोकाबाहेर पिंजारतं आणि तिथेच अडकून बसतं. आपण शर्टाला बटण लावतो त्यापेक्षा हे रिव्हेट ठोकण्याच्या जास्त जवळचं आहे. भोकं इतकी नाजूक की पान सुकत नाही, तपकिरी पडत नाही. शिवाय पानाची वरची, हिरवीगार बाजू बाहेर राहते. चार पावलांवरून बघ, नुसतं पावसाने वळलेलं पान! आत कापसाची गादी.

कापूस कुठला, तर सासूबाईंच्या वातींचा. त्या दुपारी मागच्या उंबऱ्याशी वाती वळत बसतात आणि उडालेले पुंजके जास्वंदीला अडकतात. धागा मात्र कोळ्याचा. मागच्या भिंतीवर, मीटरच्या पेटीमागे जी जळमटं लोंबतात, ती शिंपीण चोचीत गुंडाळून नेते. इथेच आमच्या घरात ठिणगी पडली. श्रावण लागायच्या आत जळमटं काढायची हा सासूबाईंचा नेम, आणि त्यांनी काठीला कुंचा बांधून तयार ठेवलेला. मी नको म्हटलं तर ‘लोक काय म्हणतील’ सुरू झालं. शेवटी त्यांना माझ्या जागेवर बसवलं. पंधरा मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘पुढची बाजू माझी, मागची हिची.’ तह झाला.

खरं सांगू, शहरात पाखरांसाठी काय करावं म्हणून लोक विचारतात आणि विकतची पेटी आणून खिळ्याला टांगतात, त्याची मला आताशा गंमत वाटते. पेटी दयाळला चालेल, चिमणीला चालेल. शिंपी आणि फुलांतला मध पिणारा शिंजीर तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. त्यांना न छाटलेली फांदी हवी आणि न झाडलेला कोपरा हवा. वरच्या काकूंच्या गॅलरीत उन्हाळ्यात शिंजिराने वायरीला घरटं लोंबवलं होतं. कोळिष्टकं, सालीचे तुकडे, सुरवंटांची विष्ठासुद्धा, असं सगळं एकत्र चिकटवलेलं. दाराला वर छोटासा छज्जा. कामवाली बाई ते कचरा समजून झाडणार होती, मादीने आतून डोकं काढलं म्हणून वाचलं! आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली की पोडियमवर लॉन आणि रांगेत पाम येतील. चकाचक. धागा मिळायचा नाही.

तुझ्या रेनलाही कोळ्याचं वावडं नाही बरं का. हाऊस रेन घरट्यात कोळ्यांच्या अंड्यांच्या पिशव्या आणून ठेवतात. त्यातून निघालेले कोळी पिल्लांचं रक्त पिणाऱ्या बारीक गोचिडांसारख्या किड्यांना खातात, असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे तुझ्या पेटीतल्या कोळ्यांवर फवारा मारू नकोस. आणि शेजारच्या निळ्या पक्ष्याची अंडी फुटलेली दिसली, तर मांजरावर आळ घेण्याआधी या बाईसाहेबांकडेही बघ. जागेसाठी शेजाऱ्यांची अंडी टोचणं हा त्यांचा दुर्गुण आहे.

आमच्याकडे सध्या अंडी उबवणं चालू आहे. साधारण बारा दिवस त्यात जातात, पुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतात, जगली तर. भारद्वाज कुंपणावरून रोज फेरी मारतो, मांजर आहे, उंदीर आहेत. मी पान उघडून बघत नाही, फोटो काढला नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच कळवलं नाही. आपण दहादा तिथे वाकलो की कावळ्याला पत्ता मिळतो.

झोपेचं मात्र मला फार नवल वाटलं. एरवी शिंपी रात्री एकेकटा झोपतो, पण विणीच्या दिवसांत जोडी एकमेकांना खेटून बसते, आणि नुकतं उडालेलं पिल्लू असेल तर ते दोघांच्या मधे. जागा म्हणजे बारीक डहाळी, वर पानांचं छप्पर, आणि बरेचदा माणसांच्या वस्तीजवळ, दिव्याजवळ. आमचा शिंपी जिन्याच्या ट्यूबलाइटपासून हातभर अंतरावर, कढीपत्त्यात झोपतो. वॉचमनचा रेडिओ चालू असतो तरी! थंडीच्या देशातली तऱ्हा वेगळी. इंग्लंडात नॉरफोकमध्ये १९६९ च्या हिवाळ्यात एकाच पेटीत ६१ रेन रात्रीला दाटीवाटीने शिरल्याची नोंद आहे. एरवी हेच पक्षी आपल्या हद्दीत दुसऱ्याला उभं करत नाहीत.

तुझी हाऊस रेन थंडीआधी दक्षिणेला निघून जाईल. पण तुमच्या ओहायोत कॅरोलायना रेनही असते, जरा मोठी, तांबूस, डोळ्यावर पांढरी भुवई असलेली, आणि ती हिवाळ्यातही जागा सोडत नाही. पोर्चमध्ये टांगलेल्या कुंड्या रिकाम्या झाल्या तरी लगेच काढून ठेवू नकोस, रात्री झोपायला तिला तशा जागा आवडतात. अंधार पडायच्या जरा आधी, दिवा न लावता बघ आणि काय दिसतं ते सविस्तर कळव. फोनवर नको, पत्रातच लिही, सासूबाईंनाही वाचून दाखवायचंय. त्यांनी विचारलंय की तिकडच्या कोळ्यांची जळमटं कोण काढतं.

तुझी,
मालू