चौथ्या सीटवरच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. ठाण्याहून सुटणाऱ्या सकाळच्या वाशी लोकलमध्ये ‘जरा सरकून घ्या गं’ म्हणत मला चौथी सीट करून देणाऱ्या काकू, एवढीच ओळख. म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

त्या दिवशी मी चेन्नईच्या पाहुण्यांना फोनवर ऐरोलीच्या ऑफिसचा रस्ता सांगत होते. ‘चेंज युवर ट्रेन’ म्हणाले, तर त्यांना वाटलं, काढलेलं तिकीट रद्द करून दुसऱ्या गाडीचं काढायचं! मला घाम फुटला. तुम्ही हसला नाहीत. ‘चेंज ट्रेन्स ॲट ठाणे म्हण,’ एवढंच बोललात. अनेकवचन कशाला, विचारलं तर म्हणालात, ‘एकीतून उतरतेस, दुसरीत चढतेस. किती झाल्या?’ आपण मराठीत एकच गाडी बदलतो, इंग्रजीत दोन्ही मोजतात. शाळेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ठाणे ते ऐरोली मध्ये फक्त दिघा गाव स्टेशन, तेही २०२४ पासून. त्यामुळे तेवढ्या वेळात तुम्ही रोज एकच शब्द शिकवायचात. ‘गेट डाउन’ आपल्याकडे चालतं, पण परदेशी माणसाला ‘गेट ऑफ’ सांग. रिक्षा-टॅक्सीतून मात्र ‘गेट आउट’, कारण तिथे वाकून आत शिरावं लागतं. ट्रेन-बसमध्ये उभ्याने चढतो म्हणून ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. मग स्कूटी? तिच्यावर तर आपण बसतो, म्हणून तिलाही ‘ऑन’. अमेरिकन लोक गाडी बदलण्याला ‘ट्रान्सफर’ म्हणतात, हे ऐकून समोरच्या बँकवाल्या ताई दचकल्या होत्या. आणि ‘आय मिस्ड माय कनेक्शन’ म्हणजे पुढची जोडगाडी चुकली. मला गॅस आठवला होता, तेव्हा मात्र तुम्ही पोटभर हसलात.

गेल्या महिन्यात तेच पाहुणे पुन्हा आले. ‘गेट ऑफ ॲट ठाणे, चेंज टू द वाशी ट्रेन, प्लॅटफॉर्म नाइन ऑर टेन, गेट ऑफ ॲट ऐरोली.’ एका दमात सांगितलं. त्यांचा दुसरा फोन आला नाही. थेट रिसेप्शनला हजर.

हे सांगायला तुम्हाला शोधतेय, पण तुम्ही दिसत नाही. गाडीची वेळ बदललीत का? मनापासून आभार, काकू. आणि एक शंका राहिलीय. शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकून बसतो ना चौथा, त्याला ‘इन’ म्हणायचं की ‘ऑन’?

तुमची,
ऐरोलीला उतरणारी