भाषणात राहून गेलेले आभार

निरोप समारंभात शिक्षकांचे आभार मानून झाले, हार-तुरे झाले. पण काही माणसं कुठल्याच भाषणात आली नाहीत. त्यातल्या निम्म्यांची नावं आम्हाला ठाऊकसुद्धा नाहीत.

घंटा देणारे काका, आम्ही धापा टाकत फाटकाशी दिसलो की तुमचा हात क्षणभर वरच थांबायचा. तुम्ही ते कधी कबूल केलं नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

ग्रंथालयातल्या गणिताच्या जुन्या पुस्तकात कुणीतरी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘इथे चिन्ह बदलतं, सांभाळ.’ लिहिणारा की लिहिणारी, देव जाणे; आमच्या कितीतरी आधी शाळेतून गेलेलं कुणीतरी. आमच्यातल्या चौघांना तरी त्या ओळीने तारलं. (पुस्तकात लिहू नये हा नियम आम्हाला पाठ आहे. तरीही आभार.)

एका मैत्रिणीच्या सहलीची वर्गणी परस्पर भरून ‘नाव सांगू नका’ असं बजावणाऱ्या पालकांचे आभार. परीक्षेच्या सकाळी स्वतःचं पेन काढून देणाऱ्या त्या अनोळखी बाईंचेही. पेन परत करायचं राहिलंच.

आणि मावशी, बाकांवर कोरलेली आमची नावं तुम्ही सुट्टीत घासत बसायचात. त्याबद्दल आभार नाहीत, माफी.

– यंदा शाळेतून बाहेर पडलेला वर्ग