डायलिसिस विभागातील सिस्टरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

आईच्या पोटदुखीवर 'गॅस झाला असेल' एवढे म्हणून आपण तिला घरी पाठवले नाहीत, याबद्दल आमचे सारे कुटुंब आपले ऋणी आहे.

त्या दिवशी मशीनवर असतानाच तिचे बीपी एकदम उतरले. आपण मशीनने अंगातले जादा पाणी काढणे थांबवून, पाय उंच करून ते सावरलेत. सुया काढल्यावर मात्र ती पोट धरून कळवळू लागली. हात लावून पाहावे तर पोट मऊ. "पोट एवढं मऊ आणि दुखणं एवढं मोठं, हे मला ठीक वाटत नाही," असे म्हणून आपण डॉक्टरांना तातडीने बोलावून घेतलेत.

पुढचे डॉक्टरांनी समजावले. रक्तदाब उतरला की हृदय आणि मेंदू यांचा पुरवठा राखण्यासाठी शरीर आतड्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडून घेते. त्या वाहिन्या मधुमेहाने आणि कॅल्शियम साचून आधीच कडक झालेल्या असतील, तर कुठेही गुठळी न अडकता आतड्याचा भाग निकामी होऊ शकतो. आईच्या सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) आतड्याची मुख्य धमनी मोकळीच होती, पण मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला रक्त पोहोचत नव्हते. डायलिसिसच्या रुग्णांत हा भाग विशेष नाजूक असतो म्हणे. तेवढा भाग त्याच रात्री शस्त्रक्रियेने काढला. पोट कडक होईपर्यंत थांबलो असतो, तर बहुधा आतडे फुटून संसर्ग पोटभर पसरला असता.

त्यानंतर आपण डॉक्टरांकडून तिचे ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी निघून गेल्यावरचे योग्य वजन, नव्याने ठरवून घेतलेत, पाणी हळू निघावे म्हणून वेळ वाढवलीत, डायलिसिसच्या द्रावणाचे तापमान थोडे कमी ठेवलेत आणि बीपीची सकाळची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने डायलिसिसनंतर द्यायला सांगितलीत. मशीनवर बसून पोहे खाणेही बंद झाले, कारण खाल्ल्यावर रक्त पोटाकडे वळते आणि बीपी आणखी उतरते. याचा राग आईने अजून सोडलेला नाही; मिठाचा आणि पाण्याचा हिशेब मात्र ती आता स्वतः ठेवते.

नव्या टेक्निशियनांना शिकवताना आईच्या नोंदी दाखवायच्या असतील, तर नाव झाकून अवश्य दाखवाव्यात. तिचीही संमती आहे.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा