वात्सुजींची थंडी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, जपानी तत्त्वज्ञान म्हणजे जर्मन कोट चढवलेलं झेन." वाक्य झकास आहे, पण निबंधात घालू नकोस. विसाव्या शतकातले जपानी तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो एकटे वाचलेस तरी ते टिकत नाही.

या गृहस्थांनी सुरुवातच पश्चिमेकडून केली. १९१३ मध्ये नीत्शेवर पुस्तक, १९१५ मध्ये किर्केगॉरवर. जपानातल्या नाराची जुनी मंदिरं, झेन गुरू दोगेन, प्राचीन बौद्ध विचार हे सगळं नंतरचं. १९२७ मध्ये ते बर्लिनला गेले, तेव्हा जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा ‘सत्ता आणि काल’ (सत्ता म्हणजे इथे ‘असणं’) हा ग्रंथ नुकताच आला होता. दुसरा कुणी त्याचा सारांश लिहून मोकळा झाला असता. यांनी विचारलं, माणसाच्या असण्यात काळाला एवढा मान, मग अवकाशाचं काय?

त्याचं उत्तर १९३५ च्या ‘फूदो’ (म्हणजे हवापाणी) या त्यांच्या पुस्तकात आहे, आणि त्यातला थंडीचा भाग दोनदा वाच. आपण समजतो, थंडी बाहेर असते आणि ती येऊन अंगाला झोंबते. वात्सुजी म्हणतात, थंडी वाजते तेव्हा आपण आधीच बाहेर, थंडीत असतो. तेही एकटे नाही. "काय गारठा पडलाय!" म्हटलं की शेजाऱ्यालाही कळतं. शेगडी, कपडे, घरं बांधायची रीत, सगळं त्यातूनच आलेलं. विश्लेषणाची रीत जर्मन, पण आरंभ एकट्या ‘मी’पासून नाही.

पुढे त्यांच्या नीतिशास्त्रात व्यक्ती समाजाला नाकारून उभी राहते आणि स्वतःला नाकारून समाजात परतते. दोन्हींना स्वतंत्र गाभा नाही. इथे बौद्धांची शून्यता आली, आपल्या नागार्जुनाची.

मोसमी प्रदेशातली माणसं सोशिक, निसर्गापुढे नमणारी, हे त्यांचं म्हणणं मात्र मला पटत नाही. त्यात आपणही येतो ना! पाऊस दगा देतो तेव्हा कर्ज काढून दुबार पेरणी करणारा शेतकरी त्यांनी पाहिलेला दिसत नाही.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. व्यक्ती समाजात परतली, की तिला पुन्हा ‘नाही’ म्हणायची मुभा कितपत? वात्सुजींनी राज्यसंस्थेला नैतिक समूहांत सर्वांत वर बसवलं, सम्राटाचीही पाठराखण केली, आणि तेही युद्धाच्या काळात. तुझ्या निबंधात हे शेवटी एका ओळीत उरकू नकोस. त्यालाच निम्मी पानं दे.

तुझा,
बाबा